सावरफोंडचा दुसरा मनोरा

सावरफोंडच्या चर्चला एकच मनोरा आहे, डाव्या बाजूला. उजवी बाजू बोडकी. बांधणाऱ्याचा दगड संपला असेल, नाहीतर उत्साह. नक्की कारण आजवर कोणाला सांगता आलेलं नाही. पलीकडच्या काठावर बोरवणच्या चर्चला मात्र दोन मनोरे आहेत आणि बोरवणचे लोक सावरफोंडवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या 'एकशिंगे' म्हणत आले आहेत. फुटबॉलच्या मैदानावर म्हणतात, मासळीबाजारात म्हणतात, सोयरीक ठरवायला बसल्यावरसुद्धा म्हणतात. तुम्हाला हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल. सावरफोंडच्या नाक्यावर उभं राहून एकदा म्हणून बघा.

मी गुणाजी शिरोडकर. सगळे गुणो म्हणतात. सरकारी ग्रंथालयात एकोणचाळीस वर्षं शिपाई होतो. हे मराठीत लिहितोय ते दुसऱ्या कुठल्या भाषेत मला धड लिहिता येत नाही म्हणून, आणि सावरफोंडच्या चर्चच्या कमिटीत मराठी वाचणारं कोणी नाही म्हणूनही. कोणी वाचून दाखवलंच, तर आता माझी हरकत नाही. मला ओझं वाहायचा कंटाळा आलाय. नोकरीत पुष्कळ वाहिलं.

लुदोविना सिकेरा आमच्या ग्रंथपाल. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. चोविसाव्या वर्षी नोकरीला लागल्या, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या, आणि निरोपसमारंभाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला परत हजर. या खेपेला वाचक म्हणून. खिडकीजवळचं टेबल धरलं आणि मला म्हणाल्या, "गुणो, चौतीस वर्षं दुसऱ्यांना कागद काढून दिले. बाहेरचे अभ्यासक पंधरा दिवस येतात, आंबे खातात, परत जाऊन पुस्तक लिहितात आणि शेवटच्या पानावर 'ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांचे आभार' मानतात. आता कागद तू काढ, पुस्तक मी लिहिते."

आणि लिहिलंही. पोर्तुगीज अमदानीतली चर्चं कशी बांधली गेली, कुणी बांधली, चुना कुठून आला, शिंपल्यांच्या खिडक्या कोण घासून पातळ करायचं, घुमट कुणाला जमला आणि कुणाच्या डोक्यावर पडला. लग्न नाही, संसार नाही, गुडघे दुखरे. पण रविवार आला की बाई फेरीबोट पकडून कुठल्या तरी गावी निघायच्या. मापाच्या फितीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. मी हिंदू माणूस, पण गोव्यातल्या एकशे सोळा चर्चांच्या भिंतींना हात लावलेला आहे. माझी बायको म्हणायची, आता बाप्तिस्मा तेवढा घ्यायचा राहिलाय.

त्या पुस्तकात सगळ्यात गाजलं ते एक चित्र. ग्रंथालयाच्या जुन्या कागदांत सापडलेलं, शाईनं काढलेलं, एका चर्चचा दर्शनी भाग. दोन मनोरे, समोर नदीचा घाट, घाटाला एकोणीस पायऱ्या. बाईंनी लिहिलं की हे सावरफोंडचं चर्च. एके काळी दोन मनोरे होते, उजवा कोसळला. आता सावरफोंडला नदी नाही, ती अर्ध्या मैलावर आहे. त्यासाठी बाईंनी चार पानं खर्ची घालून नदी कशी सरकत गेली ते दाखवलं होतं. शिवाय एक वाक्य होतं: 'उजवीकडची लहान खोली कोसळलेल्या मनोऱ्याच्या पायावर उभी असावी.' लोक 'असावी' वाचत नाहीत, 'आहे' वाचतात.

सावरफोंडला दिवाळी झाली. आम्हालाही दोन होते! बोरवणवाले कोण लागून गेले? चित्राची मोठी प्रत काढून फ्रेम केली, चर्चच्या सभागृहात लावली, तिला हार घातला. मग परदेशी असलेल्या गावकऱ्यांनी मनावर घेतलं. पडलेला मनोरा पुन्हा उभारायचा. पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी होती, ती बाईंच्या पुस्तकावर आणि बाईंच्या सहीच्या पत्रावर मिळाली. आड येत होती ती फक्त उजवीकडची खोली.

त्या खोलीचं सांगायला हवं. आमच्याकडे चर्चमध्ये दोन मंडळं असतात. गावच्या मूळ जमीनदार गावकरांचं लाल झग्याचं, इतरांचं निळ्या झग्याचं. मिरवणुकीत लाल पुढे, निळे मागे. सण आला की लाल झगेवाले वेदीमागच्या मोठ्या खोलीत झगे चढवतात. माडाची सूर, म्हणजे माडी, काढणारे रेंदेर, पाव भाजणारे पदेर यांना एके काळी त्या खोलीत पाय टाकता येत नसे. म्हणून त्यांच्या खापरपणज्यांनी रविवारी रविवारी डोक्यावरून चिरे आणून शेजारी आपली खोली बांधली. आता मोठ्या खोलीचं दार सगळ्यांना उघडं आहे. निळे मात्र अजून आपल्याच खोलीत झगे घालतात. आतल्या भिंतीवर मंडळातल्या मेलेल्यांची नावं खिळ्यानं कोरलेली आहेत, छतापर्यंत.

पावसाच्या आधी पाया घालायचा म्हणून एप्रिलच्या शेवटच्या बुधवारी मशीन येऊन ती खोली पाडणार होतं.

आणि त्या बुधवारच्या बारा दिवस आधी, शुक्रवारी, मी आणि बाई बोरवणला गेलो.

बाई दुसरं पुस्तक लिहीत होत्या. चार वर्षं चाललं होतं. बोरवणची काही मापं राहिली होती. चर्चचं तोंड मागच्या शतकात कुणीतरी पार बदलून टाकलेलं, पुढे पडवी काढलेली, त्यामुळे बाईंना त्यात फारसा रस नव्हता. पण त्या वर्षी तिथे खाडीच्या मानशीचं काम निघालं होतं. पाण्याची दारं दुरुस्त करायला चिखल उपसला, आणि चिखलाखालून घाट वर आला होता. काळा, शेवाळलेला, चर्चच्या बरोबर समोर.

बाई उन्हात उभ्या राहिल्या. घाटाकडे बघत. मग म्हणाल्या, "गुणो, पायऱ्या मोज."

"एकोणीस," मी म्हटलं.

"परत मोज."

"एकोणीस, बाई. वरची फुटकी धरून."

"आता दर्शनी भिंत. फीत धर."

भिंतीचं माप घेतलं. बाईंनी ते वहीत लिहिलं, जुन्या मापात बदललं, आणि वही मिटली. पडवी डोळ्यांआड केली तर मागे चित्रातलंच दार, त्याच चार खिडक्या, तेच दोन मनोरे. बाई पायरीवर बसल्या. माझ्याकडे पाणी मागितलं. इतक्या वर्षांत त्यांनी चर्चच्या पायरीवर बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मापं घेताना त्या उभ्याच असायच्या.

"तुला कळलं का?"

"कळलं," मी म्हटलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

सोमवारी आम्ही ग्रंथालयाच्या तळघरात गेलो. संगणक आल्यावर कार्डांचे खण तिथे टाकले होते. वाळवीनं काही खाल्लं होतं, काही खायचं बाकी होतं. अर्ध्या तासानं बाईंना ते कार्ड सापडलं. 'सावरफोंड, चर्च, दर्शनी भागाचे चित्र, एक पान.'

"अक्षर कोणाचं?" बाईंनी विचारलं.

"तुमचं."

"माझंच. नोकरीचं पहिलं वर्ष. वरिष्ठांनी सांगितलं, गठ्ठ्यावर जे नाव असेल ते लिही, कागद उघडत बसलीस तर जन्म जाईल. मी उघडला नाही, गठ्ठ्यावरचं नाव लिहिलं." बाई खुर्चीच्या शोधात इकडे तिकडे बघत होत्या, तिथे खुर्ची नव्हती. "आणि सदतीस वर्षांनी पुस्तक लिहायला बसले तेव्हा हेच कार्ड काढलं. म्हटलं, कुणीतरी शहाण्या माणसानं लिहिलंय. कोण ते बघितलंसुद्धा नाही. बाकी सगळं तपासलं गुणो, नदीसुद्धा तपासली. हे नाही तपासलं."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे होतं, म्हणूनच बोललो नाही.

ते असं. बाईंच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी छत गळलं होतं. चर्चांच्या कागदांचे गठ्ठे भिजले. मी बावीस वर्षांचा, नवा. वाचनगृहात दोऱ्या बांधून मी पाचशे-सहाशे कागद वाळत घातले, चिमटे लावून, धोब्यासारखे. वाळल्यावर परत बांधायचे होते. कुठला कागद कुठल्या गठ्ठ्यातला ते मी लिहून ठेवलं नव्हतं. लिहून ठेवायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. अंदाजानं बांधले. बाईंनी नंतर त्या गठ्ठ्यांवरून कार्डं केली. म्हणजे बाईंचा दोष एवढाच की त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

त्या आठवड्यात मला झोप लागली नाही. बाईंनाही नसावी. शनिवारी फोन आला, "उद्या चर्चमधल्या मिस्सानंतर सावरफोंडला कमिटीची सभा आहे. मी सांगणार आहे. तू नको येऊस, ऊन फार आहे." मी गेलो.

सभागृहात पंखे होते पण वारा नव्हता. साठ-सत्तर माणसं. अध्यक्ष ओलेन्सियु बाब क्वाद्रोश, बोटीवर चीफ इंजिनिअर होते, निवृत्तीनंतर गावाचं इंजिन चालवत होते. शेजारी फादर आनिसेतो, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेले, शांत माणूस. त्यांना मनोरा हवाही नव्हता आणि नकोही नव्हता, त्यांना भांडण नको होतं. दाराशी भिंतीला टेकून इनास उभा. निळ्या मंडळाचा मुख्य, सावरफोंडात माडावर चढणारा शेवटचा रेंदेर. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी उभा.

"या बाई, या!" ओलेन्सियु बाब उठले. "तुमच्यामुळेच तर हे सगळं. ए, बाईंना चहा आणा. बुधवारी तुमच्या हातून नारळ... नाही, ते तुमच्या गुणोचं. तुमच्या हातून फीत कापू."

लोक हसले. बाईंच्या पुढ्यात चहा आला. त्या बसल्या नाहीत.

"मला दोनच मिनिटं बोलायचंय," त्या म्हणाल्या. "ते चित्र सावरफोंडचं नाही."

"म्हणजे?"

"बोरवणचं आहे."

आधी कोणाला समजलंच नाही. मग मागून एक म्हातारा ओरडला, "सायबा! म्हणजे पाच वर्षं आम्ही बोरवणला हार घालतोय?"

गलका झाला. बाईंनी तो ओसरू दिला, आणि सगळं सांगितलं. घाट, पायऱ्या, भिंतीचं माप, कार्ड. चूक माझी आहे, म्हणाल्या. सावरफोंडला दुसरा मनोरा असल्याचा दुसरा एकही पुरावा नाही. ती खोली कशाच्याही पायावर उभी नाही, ती तिच्या स्वतःच्या पायावर उभी आहे. ती पाडू नका.

"पण पुस्तकात नदीबद्दल चार पानं आहेत," ओलेन्सियु बाब म्हणाले. "ती सरकली म्हणून."

"ती मी सरकवली. चित्रात घाट होता, गावात नदी नव्हती. शंका कार्डावर घ्यायची, ती मी नदीवर घेतली."

फादर आनिसेतोंनी चष्मा काढून पुसला. "बाईच असं म्हणत असतील, तर खात्याला पत्र लिहून काम थांबवावं लागेल, ओलेन्सियु बाब."

ते तिथेच मिटलं असतं. हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येतं.

पण ओलेन्सियु बाब सहजासहजी इंजिन बंद करणारे नव्हते. ते गोड आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही दमलात. उन्हातून आलात. वयात असं होतं, माझंही होतं. काल मी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला." हशा. "चोविसाव्या वर्षी, डोळे धड असताना, केलेलं काम चूक, आणि आता सदुसष्टाव्या वर्षी चिखलातल्या पायऱ्या मोजून सांगता ते बरोबर? आं?"

पुन्हा हसले लोक. बाई उभ्या होत्या, टेबलाची कड धरून. गुडघे दुखत असले की त्या तशी कड धरतात. सत्तर माणसं त्यांना हसत होती आणि मला ते सोसलं नाही. मी उठलो.

"चूक बाईंची नाही," मी म्हटलं. "माझी आहे."

आणि मी सांगून टाकलं. छत, दोऱ्या, चिमटे, अंदाजानं बांधलेले गठ्ठे. बोलताना बरं वाटत होतं. बाईंकडे बघितलं नाही. मला वाटलं, मी त्यांना सोडवतोय.

ओलेन्सियु बाब पुढे वाकले. "किती कागद वाळत घातलेस म्हणालास, गुणो?"

"पाचशे-सहाशे."

"आणि हा कागद कुठल्या गठ्ठ्यातून निघाला होता?"

"आठवत नाही."

"बोरवणच्या?"

"आठवत नाही, बाब."

"मग सावरफोंडच्याही असू शकतो?"

माणसानं कधी गप्प बसावं हे कळायला अक्कल लागते. "असू शकतो," मी म्हटलं.

"झालं तर!" ते खुर्चीत मागे रेलले. "फादर, कोणालाच काही ठाऊक नाही. बाईंना नाही, शिपायाला नाही. एकोणीस पायऱ्या म्हणे! आपल्याकडे कोणी खणलंय? खणल्या तर निघतीलही. पुस्तक छापलेलं आहे. परवानगी हातात आहे. मशीन बुधवारी येतंय."

"बरोबर!" चार-पाच जण म्हणाले. मग सगळेच म्हणाले. फादरनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेवढ्यात दाराशी इनासनं हात वर केला, शाळेत करतात तसा. "बाब, बुधवारी किती वाजता? भिंतीवर आमच्या आज्यांची नावं आहेत. फोटो तरी काढून घेतो. माझ्या मोबाइलवर नीट येत नाहीत, पोरीला सकाळी बोलावतो."

"अवश्य काढ, इनास," ओलेन्सियु बाब म्हणाले. "नव्या मनोऱ्यात आपण फरशी बसवू. सगळी नावं सोनेरी."

"हो," इनास म्हणाला.

बाई खाली बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले. कोणाला वाटावं झोप लागली. मी त्यांना त्रेचाळीस वर्षं बघितलंय, वर्दीत आणि वर्दीबाहेर. हिशेब जुळत नसला की त्या अशा बसतात. मग डोळे उघडले.

"गुणो, खाली बस."

मी बसलो.

"हा माझी कीव करतोय," बाई सभेला म्हणाल्या. "जुना नोकर आहे. याच्या बोलण्यात अर्थ नाही. माझ्याही मघाच्या बोलण्यात नव्हता. मला चूक झाली म्हणायची लाज नव्हती, खरं काय ते सांगायची होती." त्या परत उभ्या राहिल्या. "मला ठाऊक होतं. पुस्तक लिहिताना ठाऊक होतं."

ओलेन्सियु बाब खुर्चीत सरळ झाले.

"चित्राच्या मागे बारीक पेन्सिलीनं बोरवण लिहिलेलं होतं. मी ते पावाच्या गाभ्यानं पुसलं. रबरानं कागदावर ओरखडा राहतो, पावानं राहत नाही. ग्रंथपालाला येतं हे."

"का पण?" फादर आनिसेतोंनी विचारलं. अगदी हळू.

"बोरवणवर बाहेरच्या एका माणसानं आधीच लिहिलेलं होतं. सावरफोंडवर कोणी लिहिलेलं नव्हतं. मला काहीतरी नवीन हवं होतं. माझ्या नावावर."

ओलेन्सियु बाब ताडकन उभे राहिले. चेहरा लालबुंद. "आमच्या गावाला नाचवलंत तुम्ही? पाच वर्षं? बाई, तुम्हाला लाज..."

"आहे," बाई म्हणाल्या. "फादर, कागद द्या. लिहून देते."

त्यांनी तिथेच लिहून दिलं. जाणूनबुजून खोटी माहिती छापली, खात्याला दिलेलं पत्र खोटं आहे, खाली सही, तारीख. मी सहीकडे बघत होतो. कार्डावर होती तसलीच, शेवटच्या अक्षराला छोटी शेपटी. फादरनी स्वतः स्टुलावर चढून फ्रेम उतरवली. हार सुकलेला होता, त्याची फुलं खाली पडली. एका बाईनं येऊन लुदोविना बाईंच्या पुढचा चहा उचलून नेला. त्यांनी तो प्यायलाही नव्हता.

फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत आम्ही चालत आलो. बोट पलीकडे होती. सावलीला एक बाक होता त्यावर बसलो.

"मागे काही लिहिलेलं नव्हतं," मी म्हटलं. "पुस्तकाच्या वेळी तो कागद मीच काढून दिला होता, दोन्ही बाजू बघून."

"ठाऊक आहे."

"मग असं का केलंत?"

"तू चूक म्हणालास, गुणो. मीही चूकच म्हणत होते. चुकीवर लोक वाद घालतात. कुणाची, केव्हाची, कशावरून. एकदा खोटं केलं म्हटल्यावर कोण वाद घालतो? परवानगी आजच रद्द झाली समज."

"माझ्यामुळे हे झालं."

"हो," बाई म्हणाल्या. "तुझ्यामुळे."

मला बरं वाटावं म्हणून त्या कधी काही बोलल्या नाहीत. त्या दिवशीही नाही. बोट आली, आम्ही चढलो.

बुधवारी मशीन आलं नाही. शुक्रवारी पेपरात आलं: 'निवृत्त ग्रंथपालाची कबुली'. आठवड्यानं ग्रंथालयाचं पत्र आलं. सरकारी दस्तऐवजावरचा मजकूर पुसल्याच्या कबुलीवरून वाचक म्हणून प्रवेश बंद, कायमचा. खाली सही करणाऱ्या साहेबांना कार्ड लिहायला बाईंनीच शिकवलं होतं. दुसरं पुस्तक छापणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. चार वर्षांच्या वह्या त्यांनी कपाटात ठेवल्या, किल्ली कपाटालाच राहू दिली. आता कपाट उघडून काय करायचं होतं?

मी दोनदा निघालो होतो, साहेबांना खरं सांगून येतो म्हणून. दोन्ही वेळा त्यांनी अडवलं.

"सांगून काय होईल?"

"तुमचं टेबल परत मिळेल."

"आणि ओलेन्सियु बाबचं मशीन परत येईल. तोंड बंद ठेव. एकदा उघडलंस तेवढं पुरे झालं."

मी जवळपास रोज जायचो त्यांच्याकडे, भाजी-बिजी घेऊन. त्या बाल्कनीत बसलेल्या असायच्या. वाचत नसत. एकदा म्हणाल्या, "काय गंमत आहे बघ. खरं खरं म्हणून आयुष्य घालवलं, आणि उपयोगी पडलं ते एकच खोटं." हसल्या नाहीत. मला रडू आलं, ते मी स्वयंपाकघरात जाऊन उरकलं.

जूनमध्ये इनास आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फणस. मी तिथेच होतो. तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.

"बाई, खोली राहिली," तो म्हणाला.

"ऐकलं."

"गावात लोक तुमच्याबद्दल वाईट बोलतात. मी म्हणतो, बोलू देत. खोटं कोण बोलत नाही? मी सुरेत पाणी घातलेलं आहे, देवाला ठाऊक." त्यानं फणस खाली ठेवला. "आमच्या मंडळात आम्ही बोललो. तुम्ही शेवटी कबूल केलंत, सगळ्यांसमोर. त्याला छाती लागते. म्हणून आम्ही ठरवलंय की सांजुआंवच्या सणाआधीच्या रविवारी आमच्या मंडळातर्फे मिस्सा म्हणायचा. तुमच्यासाठी. देवानं तुमच्या खोटेपणाची क्षमा करावी म्हणून. नाव वाचतील फादर. तुम्ही याल ना?"

मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, एकदाच. मी मिटलं.

"येईन, इनास," बाई म्हणाल्या. "देव बरं करो तुझं."

रविवारी आम्ही गेलो. निळे झगेवाले आपल्या खोलीतून रांगेनं बाहेर आले, तीस-पस्तीस जण, काहींचे झगे इतके जुने की रंग राखाडी झालेला. बाईंना त्यांनी पुढच्या बाकावर बसवलं. लाल मंडळातलं कोणी आलं नव्हतं. मी मागे, दाराशी उभा राहिलो.

फादर आनिसेतोंनी यादी वाचली. आजाऱ्यांसाठी, समुद्रावर असलेल्यांसाठी, दोन मेलेल्यांसाठी. मग म्हणाले, "लुदोविना सिकेरा यांनी सांगितलेल्या असत्याबद्दल त्यांना क्षमा मिळावी, म्हणून निळ्या मंडळातर्फे."

बाई बाकाची कड धरून उठल्या, आणि इनासच्या माणसांबरोबर मोठ्यानं 'आमेन' म्हणाल्या.